सतराव्या नावानंतर

मु. चाकण
ता. २० जुलै १९५५

गुरुवर्य यशवंतराव यांस,
इकबाल मुलाणीचा सादर प्रणाम.

ट्रेनिंग कॉलेज सोडून दीड वर्ष झालं आणि इतक्या दिवसांत मी एकही पत्र लिहिलं नाही, याची आधी माफी मागतो. तुम्ही निवृत्त होऊन चिंचवडला मुलाकडं राहायला गेलात आणि एका मासिकाच्या दिवाळी अंकासाठी आलेल्या कथा वाचून देता, असं परवा कळलं. म्हणून धीर केला.

जूनपासून माझी बदली इथून जवळच्या एका वाडीवर झाली आहे. एकच खोली, एकच मास्तर, एकतीस पोरं. सकाळी सायकलवर जातो, शाळा सुटली की परत येतो, उरलेल्या वेळात लिहितो. एक कथा पुण्याला धाडली होती. ती साभार परत आली. सोबत चिठ्ठी होती : 'ही गोष्ट आहे, कथा नव्हे.' अब्बांना ती वाचून दाखवली. ते म्हणाले, "गोष्ट आहे असं तेच म्हणतात ना? मग छापायला काय हरकत?" म्हणून तुम्हाला विचारतो. गुरुजी, गोष्ट कुठं संपते आणि कथा कुठं सुरू होते?

या शाळेत एक चमत्कारिक प्रकार आहे. सहज आठवला म्हणून लिहितो. मी हजेरी घेतो तेव्हा सतराव्या नावापर्यंत सगळं सुरळीत चालतं. अठरावा गेनू म्हणून एक मुलगा आहे. त्याचं नाव पुकारलं की तो लगेच 'हजर' म्हणत नाही. सगळा वर्ग गप्प होतो. एकतीस पोरं कुणाची तरी वाट बघितल्यासारखी बसतात. मग कुणीतरी ओ दिल्यासारखं त्यांच्या तोंडावर समाधान दिसतं, आणि तेव्हा कुठं गेनू 'हजर' म्हणतो. मुलींच्या तिसऱ्या ओळीत एका पोरीपुरती जागा रोज मोकळी असते. पहिल्या आठवड्यात मला हसू आलं. आता येत नाही.

आपला विद्यार्थी,
इकबाल

•

चिंचवड
ता. २७ जुलै १९५५

चि. इकबाल यास अनेक आशीर्वाद.

पत्र पाहून आनंद झाला. इथं दिवसभर पिंपरीच्या बाजूनं खडक फोडण्याचे आवाज येतात. कारखान्याच्या भिंती वर येताहेत आणि आमच्या भिंतींचा चुना खाली येतो आहे. अशात कुणी कथेबद्दल विचारलं की बरं वाटतं.

तुझ्या अब्बांचा प्रश्न रास्त आहे. गोष्ट फार जुनी. लिपी नव्हती तेव्हाही ती होती. सांगणारा समोर बसलेला असे, ऐकणाऱ्याचं तोंड बघून तो ती लांबवी, वळवी, पोर घाबरलं तर राक्षस मारून टाकी. पुढं ती पोथीत गेली, तिला तात्पर्याची शेपटी लागली. मग छापखाने आले, अद्भुत कादंबऱ्या आल्या. त्यांत राजपुत्र, तळघरं आणि योगायोग यांची नुसती गर्दी. आणि मग मासिकं आली. मासिकाला पानं मोजकी आणि वाचणारा एकटा. त्या एकट्या माणसासाठी, थोड्या जागेत, एकाच प्रसंगावर दिवा धरायचा, त्यातून आपली लघुकथा जन्मली. तिला सबंध आयुष्य सांगायचं नसतं. आयुष्य जिथं मोडतं किंवा वळतं, तेवढी जागा दाखवायची असते.

तुझी परत आलेली कथा मी पाहिलेली नाही, पण तिच्यात बहुधा खूप घडत असेल आणि कुणालाच काही होत नसेल. पात्राला काहीतरी हवं असावं, ते मिळू न देणारं काहीतरी समोर असावं, आणि हे सगळं एका खऱ्या जागेवर घडावं. ती जागा वाचणाऱ्याच्या तळपायाला कळली पाहिजे. सर्वांत आधी निवेदक कुठं उभा आहे ते ठरव. तो उभा आहे तिथून जे दिसत नाही, ते त्यानं सांगू नये.

तुझ्या पत्राच्या शेवटच्या परिच्छेदात मात्र कथा आहे. हजेरी थांबते ही कल्पना मला फार आवडली. लबाडा, 'सहज आठवला' म्हणून लिहितोस! पण आता हात आखडू नकोस. मास्तरला ती जागा कोणाची हे शोधू दे. सप्टेंबरअखेर कथा आली तर दिवाळी अंकासाठी मी स्वतः शब्द टाकीन.

तुझा,
यशवंतराव

•

मु. चाकण
ता. ९ ऑगस्ट १९५५

गुरुवर्य यशवंतराव यांस,
सादर प्रणाम.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. अब्बांनाही वाचून दाखवलं. पण गुरुजी, ती कल्पना नव्हती. जे रोज होतं तेच मी लिहिलं.

गेल्या सोमवारी ठकू नावाची पाच वर्षांची मुलगी नव्यानं दाखल झाली. तिचे आईबाप जुन्नरकडून चार दिवसांपूर्वी इथं मजुरीला आलेत. गावात त्यांची कुणाशी ओळख नाही. मी मुद्दाम इतर पोरं यायच्या आधी तिला आत घेतलं आणि म्हटलं, "बस हवं तिथं." ती तिसऱ्या ओळीत गेली आणि त्या जागेच्या कडेला, पाय आवरून बसली.

"ठकू, सरक की तिकडं. भरपूर जागा आहे."

"न्हाई गुरुजी."

"का गं?"

"ती वली हाय."

मला वाटलं जमीन ओली आहे म्हणते. दिवस पावसाचे आहेत, सारवलेली जमीन ओल धरतेच. मी वाकून हात लावला. ती जागा ओली होती, गार होती. चार बोटं अलीकडं जमीन कोरडी ठणठणीत, चार बोटं पलीकडंही. मी वर छपराकडं पाहिलं. कौलं शाबूत. मग ठकूकडं पाहिलं, तर ती त्या जागेकडं बघून तोंडाला पदर लावल्यागत झग्याचा सोगा धरून लाजत होती. नवीन पोरीशी ओळख होताना पोरी लाजतात तशी.

तुम्ही लिहिलंत, शोधू दे. म्हणून मी शाळेची पत्र्याची पेटी उघडली. जुने हजेरीपट वाळवीनं खाल्लेत, पण १९४४ सालचा नीट आहे. अठरावं नाव भागूबाई, वय नऊ. ती रोज हजर. फेब्रुवारीच्या तीन तारखेच्या घरात आधी 'ह' होता, तो खरवडून त्यावर 'गै' लिहिलाय. महिनाभराची शाई काळी आणि तेवढं एक अक्षर निळं. पुढं तांबड्या शाईत शेरा : 'नाव कमी केले.'

वाडीतले सोपानराव वयानं मोठे, त्यांना विचारलं. ते म्हणाले, "जुन्या वह्या कशाला उकरता मास्तर? पोर साळा बुडवून नदीला गेली, डोहात पडली. तवाचे ज्योतीराम मास्तरबी आता वारले. कुनाला इच्यारनार?"

कथा लिहायला घेतली आहे. निवेदक मीच, शाळेच्या दारात उभा. पण सुरुवात कुठून करू? ओल्या जागेपासून की त्या निळ्या अक्षरापासून? वाडीचं नाव धामणवाडी. तेही बदलू का?

आपला,
इकबाल

•

चिंचवड
ता. १ सप्टेंबर १९५५

चि. इकबाल यास आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. मध्यंतरी प्रकृती ठीक नव्हती. तुझं दुसरं पत्र मिळालं.

तुझ्या कथेबद्दल मी बराच विचार केला. नाव अवश्य बदल. वाडीच बदल. नदी काढून टाक, डोंगर घाल. कथेत कागदपत्रं आणू नयेत, तिचा कज्जा होतो. हजेरीपट, शाया, खरवडलेली अक्षरं हा मसाला पोलिसी कादंबऱ्यांचा. लघुकथेला तो सोसत नाही. शिवाय मास्तर निवेदक असला की तो पुढं पुढं करतो. त्यापेक्षा एखादा दूरचा, तटस्थ निवेदक घे. मुलगी आजारानं गेली असं दाखव. आजारात कुणाचा दोष नसतो, आणि वाचकाचं मन मुलीवर राहतं. त्या दिवशीची तपासणी वगैरे तर मुळीच आणू नकोस. बाहेरून आलेल्या अधिकाऱ्यावर दोष ढकलणं ही नवशिक्या लेखकाची सोपी पळवाट असते.

ओल्या जागेचं म्हणशील तर जमिनीखाली पाझर असेल. दोन पाट्या मुरूम टाकून घे.

दुसरा एखादा विषय सुचला तर अधिक बरं. चाकणच्या बाजारात कांद्याच्या ढिगापाशी किती माणसं भेटतात! त्यांच्यावर लिही.

तुझा,
यशवंतराव

•

मु. चाकण
ता. १२ सप्टेंबर १९५५

गुरुवर्य यशवंतराव यांस,
सादर प्रणाम.

गुरुजी, मी तपासणीबद्दल काहीच लिहिलं नव्हतं.

तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं, माझी दोन्ही पत्रं आठवून पाहिली. त्या दिवशी शाळेची तपासणी होती हे मलाच ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन मी पेटीतलं शेरेपुस्तक काढलं. ३ फेब्रुवारी १९४४. 'मुलांचे वाचन समाधानकारक. खोली स्वच्छ. पटावर ३४, हजर ३२.' एक पोर तापानं अंथरुणाला होतं, त्याचा 'गै' महिनाभर काळ्या शाईत आहे. दोघांपैकी दुसरी भागू. खाली शाळातपासनिसाची सही. सही मी वाचली नाही. वाचायची गरज पडली नाही. ज्या हातानं दोन वर्षं माझे निबंध तपासले तो हात मी ओळखतो. शाई निळी आहे.

मग मी दत्तोबाकडं गेलो. तो आज वीस वर्षांचा आहे, भागूच्या वर्गात होता. आधी तो उठून जायला निघाला. मग म्हणाला, "साहेब आलं व्हतं. भागूला कायतरी आनाया धाडलं. लई वेळ झाला, ती आली न्हाई. आमाला बाहेर काढलं. मंग ज्योतीराम मास्तर छडी घिऊन आलं आन् म्हनलं, भागू आज साळंत आलीच न्हवती. म्हना. आमी म्हनलं. दुसऱ्या दिशी तिच्या जागंवर कुनाला बसवंना. बोलू नका म्हनले व्हते. मंग आमी नुस्ती जागा सोडली."

त्यांनी सोडली, त्यांच्या पाठच्या पोरांनी सोडली. आजच्या पोरांपैकी एकालाही भागूचं नाव माहीत नाही. तुम्ही लिहिलं होतं, लिपीच्या आधीही गोष्ट होती. ही तर शब्दांच्याही आधीची आहे.

भागूची आई कुशाबाई वाडीच्या टोकाला एकटी राहते. तिच्याकडं जायचं धाडस मी कालपर्यंत केलं नव्हतं. काल गेलो. ती मला म्हणाली, "साहेब येनार म्हनून त्या दिशी मी तिला धुतल्याली चोळी घातली. केस विंचरलं. वाटंला लावली. सांजच्याला मास्तर म्हनला, आलीच न्हाई. तिच्या बापानं मला धरलं, तूच पोरीला भटकाया शिकवलंस म्हनला. वरीसभरात त्यो घर सोडून गेला. समदी वाडी म्हनती, पोर खोटारडी, साळा बुडवायची. अकरा वर्सं मी इच्यार करते मास्तर, चोळी घालून, केस विंचरून, मला खोटं सांगून ती कुठं गेली आसंल?"

मी तिला काही सांगितलं नाही. मला काय ठाऊक आहे ते तुम्हाला विचारल्याशिवाय सांगवेना. निवेदक कुठं उभा आहे ते आधी ठरव, असं तुम्ही मला शिकवलंत. गुरुजी, त्या दिवशी तुम्ही कुठं उभे होतात?

इकबाल

•

चिंचवड
ता. २१ सप्टेंबर १९५५

चि. इकबाल,

मी शाळेच्या खोलीत, फळ्याशेजारी उभा होतो.

ऊन चढलं होतं. बैलगाडीतून आल्यामुळं घसा सुकला होता. मास्तरांनी माठातलं पाणी पुढं केलं. मी ते नको म्हणालो. सगळी पोरं त्यात हात घालतात, नदीचं ताजं आणा, असं म्हणालो. मास्तरांनी भागूला कळशी देऊन पिटाळलं. मी बेरजा-वजाबाक्या तपासत बसलो आणि पाण्याचं विसरूनही गेलो. अर्ध्या-पाऊण तासानं मास्तर बघायला गेले आणि कळशी घेऊन एकटेच परत आले. कळशी काठावर लवंडलेली होती. डोहावर काही दिसत नव्हतं.

ज्योतीराम मास्तर माझ्या पायांवर पडले. त्यांना चार लेकरं होती. त्यांनी हजेरीपट माझ्यापुढं ठेवला, पण स्वतःच्या हातानं अक्षर बदलायला ते धजेनात. मी माझं पेन काढलं. ते अक्षर मास्तरांचं नाही, माझं आहे. मास्तरांना वाचवण्यासाठी केलं असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. पण मुलीला पाण्याला का पाठवलं असं विचारलं असतं, तर पाणी कुणी मागितलं हेही निघालं असतं. तिसऱ्या दिवशी ती खाली बंधाऱ्यापाशी सापडली तेव्हा मी दुसऱ्या गावी दुसरी शाळा तपासत होतो.

त्यानंतर मी तपासणीची नोकरी सोडून ट्रेनिंग कॉलेजात शिकवायला आलो. वर्गात हजेरी घेताना मी सतराव्या नावानंतर थांबायचो. तुम्हा मुलांना वाटायचं, मास्तर चष्मा पुसतात. तुझा नंबर अठरा होता, इकबाल. दोन वर्षांत मी तुझं नाव एकदाही पुकारलं नाही. आठवून बघ. नुसतं तुझ्याकडं बघून मान हलवायचो. कारण मी नाव उच्चारण्याआधी वर्गाच्या मागच्या बाजूनं कुणीतरी ओ द्यायचं. आवाज लहान मुलीचा. तुमच्यापैकी कुणी कधी मान वळवली नाही, म्हणून तो मलाच ऐकू येतो हे मला समजलं.

तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा मला खरोखरच ती कल्पना वाटली. वाटलं, या पोराला माझ्या मनातलं कसं सुचलं! दुसऱ्या पत्रात धामणवाडी वाचलं आणि मग जे उत्तर लिहिलं ते शिक्षकानं लिहिलेलं नव्हतं. आजाराचा शेवट घाल म्हणालो. सोयीचा शेवट हा खोटा शेवट असं मी तुम्हाला वर्गात घोकून घेत असे.

घरचा गणपती उठला की सव्वीस तारखेच्या सोमवारी येतो. कासारवाडीला नाशिक रस्त्यावर सकाळची मोटार धरीन. कुशाबाईंना तू काही सांगू नकोस. ते माझं काम आहे.

यशवंतराव

•

मु. चाकण
ता. २८ सप्टेंबर १९५५

गुरुवर्य यशवंतराव यांस,
सादर प्रणाम.

सोमवारी तुम्ही दुपारच्या मोटारीनं परस्पर गेलात. शाळा सुटल्यावर मी कुशाबाईच्या घराशी धावलो, तोवर तुम्ही निघून गेला होतात. त्या सकाळी शाळेत काय झालं ते तुम्हाला कळायला हवं.

तुम्ही उंबऱ्यापाशी थांबलात, आत आला नाहीत. कुशाबाईचं घर विचारलंत, मी सोबत येतो म्हटलं तर हातानंच नको म्हणालात. तुम्ही वळलात आणि मी हजेरीला बसलो. सतरावं नाव झालं. अठरावं पुकारलं आणि गेनूनं एकदम 'हजर' म्हटलं. त्याचं त्यालाच इतकं नवल वाटलं की त्यानं तोंडावर हात ठेवला. वर्गात चुळबुळ झाली. ठकू गुडघ्यांवर उभी राहून दाराबाहेर बघत होती.

"ठकू, काय बघतेस?"

"ती चालली."

"कुठं?"

"त्या म्हाताऱ्या बाबाच्या मागनं."

सगळी पोरं दाराशी गोळा झाली. मीही पाहिलं. पांढरं स्वच्छ ऊन होतं, गाडीवाटेवर झाडाची सावलीसुद्धा नव्हती. मला तुम्ही एकटे दिसलात. छत्री काखेत, भराभर चाललेले. मग तुम्ही थांबलात. मागं वळून खाली पाहिलंत, कमरेच्या उंचीवर. आणि पुन्हा निघालात ते अगदी हळू, लहान पोराला आपल्यासोबत येता यावं म्हणून माणूस पावलं आखडतो तसे. गेनू माझ्याशेजारी होता. तो हळूच म्हणाला, "आता बरं झालं."

काल मुली तिसऱ्या ओळीत एकमेकींना खेटून बसल्या. मी हात लावून पाहिला. जमीन कोरडी आहे.

कुशाबाई काल शाळेच्या दारापर्यंत आली. अकरा वर्षांत ती या वाटेला फिरकली नव्हती असं म्हणतात. हजेरीपटातलं लेकीचं नाव कुठं लिहिलंय ते तिनं मला विचारलं, मी पान काढून दिलं. तिनं त्यावर बोट ठेवलं. तुम्ही तिला काय सांगितलंत ते विचारलं, तर म्हणाली, "त्यांस्नीच इच्यारा."

म्हणून विचारतो. कथेसाठी नव्हे. कथेचे कागद मी बाजूला ठेवलेत.

आपला,
इकबाल

•

चिंचवड
ता. ४ ऑक्टोबर १९५५

चि. इकबाल यास अनेक आशीर्वाद.

आज सकाळी शिक्षणखात्याला पत्र पाठवलं. १९४४च्या हजेरीपटात ३ फेब्रुवारीस भागूबाई हजर होती, ती खूण मी माझ्या हातानं बदलली, ती दुरुस्त व्हावी आणि माझ्यावर जी कारवाई करायची ती करावी. एक नक्कल तुझ्या पत्त्यावर येईल. ती चावडीवर मोठ्यानं वाच. सोपानरावांना पुढं बसव.

मी पावलं का आखडली ते विचारलं नाहीस, तरी सांगतो. मागं कुणीतरी धापा टाकत येत होतं. वळून पाहिलं तर वाट रिकामी होती. पण माझ्या घाईनं पुन्हा कुणाला धावायला लागू नये असं वाटलं, म्हणून हळू झालो. घराशी पोचलो तेव्हा कुशाबाई दार अर्धं लोटून कांदे निवडत बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग माझ्या मागं पाहिलं, उठल्या आणि दार सताड उघडं केलं. मी आत गेलो, तरी त्या थोडा वेळ तशाच दार धरून थांबल्या.

त्यांनी तांब्या भरून पुढं ठेवला. "प्या. उन्हाचं आलाय." मी आधी सांगतो म्हणालो, आणि सगळं सांगितलं. अकरा वर्षं मी ते मनात रचलं होतं, वाक्यं घासूनपुसून ठेवली होती. त्यातलं एकही कामाला आलं नाही. मी म्हणालो, "तुमची मुलगी त्या दिवशी शाळेत होती. मी तिला पाण्याला पाठवलं. मी लिहिलं ती नव्हती म्हणून." बाई उठल्या. तांब्या उचलला, पाणी अंगणात ओतलं. वाटलं, आता मला जा म्हणतील. त्या माठापाशी गेल्या, दुसरं पाणी भरून आणलं आणि पुन्हा माझ्यापुढं ठेवलं. ते मी प्यालो.

मग त्यांनी मला विचारलं, "तुमी तपासनी घेतली न्हवं? माज्या पोरीला वाचाया येत व्हतं का?"

इकबाल, मागच्या पत्रातही मी तुला खोटं लिहिलं. भागूला ज्योतीराम मास्तरांनी पिटाळलं असं लिहिलं. तसं नव्हतं. मास्तर दुसऱ्या एका थोराड मुलाला पाठवत होते. मी नुकतंच भागूचं वाचन ऐकलं होतं. कुंभाराचं गाढव हरवतं आणि चिखलातल्या पावलांवरून एक मुलगी ते शोधून आणते, असा एक धडा होता. बाकीची मुलं शब्द शब्द तोडून ओरडत होती. ती पोर मात्र आपण समोर बसून ऐकतोय आणि आपल्यालाच ती सांगते आहे, असं वाचत होती. कुंभार रडायला लागतो तिथं तिनं आवाज खाली आणला. ते तिला कुणी शिकवलं नव्हतं. तीस वर्षं मी मुलांना वाचायला आणि मोठ्यांना लिहायला शिकवलं, तसं वाचन दुसऱ्यांदा ऐकलं नाही. मी खूश झालो. म्हणालो, "शाबास! आता हिच्याच हातचं पाणी पिऊ. जा पोरी."

हे मी कुशाबाईंना सांगितलं. धडा आठवत होता, तोही पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितला. गाढव सापडलं तिथं त्यांनी नाक शिंकरलं आणि हसल्या.

बाहेर कोंबड्या कांद्याची टरफलं उकरत होत्या. मी कसंबसं म्हणालो, "मी तिला शाबास म्हटलं नसतं तर ती गेली नसती."

कुशाबाई डोहाच्या दिशेनं बघत होत्या.

"तुमी शाबास म्हनलात?"

"हो."

"समद्या पोरांच्या म्होरं?"

"सगळ्यांच्या पुढं."

त्यांनी पदरानं तोंड पुसलं. म्हणाल्या, "मंग ती चालत गेली नसंल सायेब. पळाली आसंल. कुनी कवतिक केलं की ती अशीच पळायची."

तुझा,
यशवंतराव